घर विकणे आहे, दोषांसह

४ फेब्रुवारी

घर विकायचं नक्की झालं. सकाळी मुलाशी फोनवर शेवटचं बोलणं झालं. ठरलं ते असं : मी मुलाकडे जायचं, वन्संनी वृद्धांच्या ‘निवासा’त.

वन्सं म्हणजे माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, पण माझ्याहून वयाने थोड्या मोठ्या. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. आम्ही हे घर बांधलं तेव्हा आमच्याबरोबर राहायला आल्या त्या आजपर्यंत. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

नोव्हेंबरात त्या जिन्यावरून पडल्या आणि मनगट मोडलं. न्हाणीघर वर, स्वयंपाकघर खाली, त्यामुळे जिना टाळता येत नाही. आता त्या सकाळी एकदाच वर जातात आणि आंघोळ उरकून उतरतात. उतरताना मी पुढे असते. मुलगा म्हणाला, “आई, या वेळी मनगटावर भागलं. पुढच्या वेळी मान असेल.” बरोबर आहे. त्याच्या घरात जागा एकाच माणसाची आहे. तेही बरोबर आहे.

वन्संना सांगितलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. “बरं,” म्हणाल्या. हरकत दिसत नाही.

एजंट नेमायचा नाही. मला दार उघडता येतं, लिहितावाचता येतं, आणि घर कुठे काय आहे ते ठाऊक आहे. तिसऱ्या माणसाने यात करायचं काय? नोंद मात्र ठेवणार. सगळी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरतात.

६ फेब्रुवारी

वर्तमानपत्राच्या कचेरीत जाहिरात दिली. “घर विकणे आहे. दुमजली, स्वतंत्र, मागे अंगण. दोष प्रत्यक्ष भेटीत सांगितले जातील. एजंटांनी तसदी घेऊ नये.”

खिडकीतला कारकून म्हणाला, “बाई, दोषांचं वाक्य काढू का? शब्द वाचतील.”

“शब्द वाचवायचे तर ‘स्वतंत्र’ काढा. शेजारच्या भिंतीला भिंत नाही हे येणाऱ्याला दिसतंच.”

त्याने काहीच काढलं नाही. घरी येऊन सांगितलं तर वन्सं ठसका लागेपर्यंत हसल्या. “वहिनी, स्थळ बघायला बोलावून मुलीचे दात आधी मोजून दाखवणार तुम्ही.”

११ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. चष्मेवाला आणि त्याची बायको, दोघं कुठल्याशा बँकेत. मी प्रयोगशाळेची रीत ठेवली. अहवालात दोष आधी लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ जात नाही. दारातच सांगितलं : पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, रंग टिकत नाही. जिन्याची तिसरी पायरी करकरते. दोन सुतार झाले, आवाज गेला नाही. मोठ्या पावसात मागची मोरी तुंबते. समोरच्या घरातला माणूस सकाळी ट्रंपेट वाजवायला शिकतो. अजून जमलेलं नाही.

बायको म्हणाली, “आणि चांगलं काय आहे?”

“ते तुम्हाला दिसेलच.”

त्यांना दिसलं नसावं. जिन्याला हात लावून खालूनच परत गेली. वन्संनी आतून चहाचं विचारलं, तोवर फाटक वाजलं होतं.

वन्सं ट्रे घेऊन तशाच उभ्या. “घर दाखवत होता की घाबरवत होता?”

“खरं ते सांगितलं.”

“हो, पण एका दमात?”

त्यांचा आणि माझा चहा झाला, शिवाय पाहुण्यांचाही आम्हीच प्यायलो.

१५ फेब्रुवारी

एक तरुण आला. मोजे नवे, बूट नवे, “मावशी, मावशी” तोंडात. ओल ऐकली, मान हलवली. मोरी ऐकली, मान हलवली. ट्रंपेट ऐकला तेव्हाही हलवली. इतका समजूतदार माणूस घर घ्यायला आलेला नसतो. विचारलं, “तुम्ही एजंट का?”

“मावशी, तुमच्या भल्यासाठीच सांगतो, दोष असे सांगायचे नसतात. भिंतीपुढे कपाट लावा. पायरीवर मी बोलत बोलत नेईन लोकांना, आवाज ऐकू येणार नाही.”

“आणि ते राहायला आल्यावर बोलत बोलत कोण नेणार?”

त्याला फाटकापर्यंत पोचवलं. वन्सं खिडकीतून म्हणाल्या, “बिचाऱ्याने चहा तरी प्यायला असता.” वन्संना कोणाचीही दया येते. नोकरीत कोणी फोनवर रडलं तरी त्या लाइन तोडत नसत. त्यावरून एकदा मेमोही मिळाला होता.

१९ फेब्रुवारी

आज दाताचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर राहायचं असा त्याचा विचार. खिशातून टेप काढून मोजमाप घेतलं. हे मला आवडलं. पाण्याबद्दल विचारलं, तेही आवडलं. म्हटलं तोंडी कशाला, दाखवतेच. कपाटावरून माझी तपासणीची जुनी पेटी काढली, नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि क्लोरीनचं औषध थेंब थेंब टाकलं. पाण्यात क्लोरीन असेल तर नळी पिवळी होते.

झाली नाही. मी पुन्हा टाकलं. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

डॉक्टर म्हणाला, “म्हणजे पाणी खराब?”

“तसा निष्कर्ष निघतो,” मी म्हटलं. काय करणार? नळी समोर होती. डॉक्टरने टेप गुंडाळला. जाताना म्हणाला, “बाई, तुम्ही घर विकताय की त्याच्यावर खटला भरताय?”

तो गेल्यावर पाण्याचा वास घेतला. क्लोरीनचा वास चांगला येत होता. वन्संनीही घेतला. त्यांनाही आला. मग बाटली उजेडात धरली. मुदत कधीच उलटून गेली होती. नोकरी सुटल्यापासून बाटली बदलायची राहिली. औषध मेलं होतं, पाणी ठीक होतं.

वन्सं म्हणाल्या, “म्हणजे आता हिला कुठलंही पाणी दाखवा, ही नाहीच म्हणणार?”

“हो.”

“आमच्या थोरल्या आत्यासारखी.”

बाटली फेकायच्या ढिगात टाकली. डॉक्टरला फोन करून खुलासा केला. तो म्हणाला, पाण्याचं एवढं नाही हो, पण मोरी आहेच ना. मोरी आहेच.

२३ फेब्रुवारी

वन्संची बॅग भरून तयार आहे. एकच बॅग. त्यांच्या पलंगाखाली झाडताना दिसली. विचारलं, “अजून गिऱ्हाईकाचा पत्ता नाही, एवढी घाई कसली?”

“आयत्या वेळी माझ्यामुळे कोणाचं अडायला नको.”

आयुष्यभर ज्यांचा एक चपलेचा जोड एका जागी सापडला नाही त्यांना हा नेटकेपणा कुठून आला कळत नाही. निवासात जायची ओढ लागलेली दिसते. तिथे त्यांच्या वयाच्या पुष्कळ बायका आहेत, गप्पांची सोय होईल. मी फार बोलत नाही, हे त्यांना इतकी वर्षं गैरसोयीचंच झालं असणार.

माझी आवराआवर अजून सुरू नाही. घर दाखवण्यातच वेळ जातो.

१ मार्च

आठवडाभर कोणी आलं नाही.

मुलाचा फोन. “आई, एजंटला दे आणि मोकळी हो.” मी नाही म्हटलं. मग सून बोलली. माझ्या खोलीची व्यवस्था समजावून सांगितली. मुलांच्या अभ्यासाची खोली आहे. पलंग भिंतीत दुमडतो, तो रात्री खाली काढायचा. दिवसा मुलं अभ्यास करणार तेव्हा मी हॉलमध्ये. हॉलमध्ये टीव्ही चालू असेल तेव्हा बाल्कनीत. “तुम्हाला मोकळी हवा आवडतेच ना, आई?” सगळा विचार नीट केला आहे. मी तिला तसं म्हटलं. भिंतीतल्या पलंगाच्या बिजागऱ्या तेलपाणी मागतात, तेही सांगून ठेवलं.

फोन ठेवल्यावर वन्सं म्हणाल्या, “काय म्हणत होती?”

“बाल्कनी आहे म्हणाली.”

“मग छानच.” आणि त्या रेडिओचं बटण फिरवत बसल्या. स्टेशन लागलेलंच होतं.

५ मार्च

आजची नोंद लांबणार.

कराची पावती आणायला मी सकाळी पालिकेत गेले होते. परत आले तर दार उघडं, आणि वन्संचा आवाज. बोलायचा साधा आवाज नव्हे, तो एक्स्चेंजमधला. तो मी किती वर्षांत ऐकला नव्हता.

वन्सं जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसल्या होत्या, दुखरा हात मांडीवर. वर कोणीतरी चालत होतं. वन्सं खाली बसून घर दाखवत होत्या.

“आता उजवीकडे वळलात ना? समोर खिडकी असेल. कडी आधी वर ढकला, मग ओढा. नुसती ओढलीत तर रुसते. उघडली? दिसलं झाड? सकाळी उन्हं त्याच्यातून येतात, पार पलंगापर्यंत.”

वरून बाईचा आवाज आला, “दिसलं, मावशी!”

“आता मागे फिरा. डाव्या भिंतीला हात लावा. गार आहे की नाही? ती ओल आहे. रंग टिकत नाही, उगाच खर्च करू नका. पण उन्हाळ्यात दुपारी आमच्या वहिनी तिलाच पाठ लावून पेपर वाचतात. घरात दिसल्या नाहीत तर मी समजते, भिंतीशी आहेत.”

मी दारातच उभी राहिले. पिशवी जड होती, तरी.

“उतरताना तिसरी पायरी वाजेल हं, दचकू नका. ती मोडलेली नाही, बोलकी आहे. माझी खोली ही अशी, जिन्याला लागून. रात्री वहिनी दिवे मालवून वर जातात तेव्हा ती वाजते. ती वाजली की मी समजते, आता दाराला कडी लागली, गॅस बंद झाला, सगळं नीट आहे. मग मला झोप लागते.”

बाई उतरली. तिसरी पायरी वाजली. दोघी हसल्या. बाई धिप्पाड, हातांना पिठाचा वास. पुढच्या चौकातल्या बेकरीची मालकीण. बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत नवरा, दोन मुलगे आणि सासू अशी सगळी राहतात, आणि आता एकमेकांच्या अंगावर पाय देऊन चालावं लागतं म्हणाली.

“पावसात मागची मोरी तुंबते,” वन्सं सांगत होत्या. “काठी घालून दोनदा फिरवायची, सुटते. काठी मोरीशेजारीच आहे. ती मी तुम्हाला घराबरोबर देईन. आणि समोरचा तो वाजवायला शिकतोय. गेल्या महिन्यात त्याचा एक सूर बरोबर लागला! आम्ही दोघींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.”

टाळ्या मी एकदाच वाजवल्या होत्या.

मग बेकरीवाली म्हणाली, “एवढं चांगलं घर सोडून का जाता, मावशी?”

“वहिनींना मुलाकडे जायचंय ना. आईला ओढ असतेच. इतकी वर्षं माझ्यापायी अडकून पडल्या त्या. आता मी आणखी किती धरून ठेवू?”

मी आत गेले आणि पावती टेबलावर ठेवली. अडकून पडल्याचं वाक्य चुकीचं होतं, पण गिऱ्हाईकासमोर दुरुस्ती करणं बरं दिसलं नसतं. बेकरीवाली उद्या नवऱ्याला घेऊन येणार.

नंतर आठवून पाहिलं. वन्संनी एकही दोष लपवला नाही. ओल, पायरी, मोरी, ट्रंपेट. चारही सांगितले. एकही खोटं सांगितलं नाही. तरी बाई उद्या येणार आहे.

६ मार्च

बेकरीवाला येऊन पाहून गेला. मान्य. त्याच्या आईने खालच्या खोलीत पलंगावर बसून पाहिलं आणि मग ती तिथून हललीच नाही. ती वन्संची खोली.

ते गेल्यावर वन्संना बोलले. “मला न विचारता गिऱ्हाईक का बोलावलंत?”

“तुम्ही असतात तर ते तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलं असतं का?”

“मी कोणाला अडवलं नाही.”

“नाही कशा? एकेकाला फाटकापर्यंत पोचवून आलात! मला आपलं वाटलं, वहिनींना जायचंय खरं, पण तोंडाचा फटकळपणा आड येतोय. म्हणून मी बसले मध्ये.” मग माझ्याकडे बघून, “चुकलं का माझं?”

“नाही. काम व्यवस्थित झालं.”

“मग चेहरा असा का?”

माझा चेहरा असाच आहे. त्यांनी तो इतकी वर्षं पाहिला आहे.

१० मार्च

इसार मिळाला. वकिलाने मसुदा केला, मी त्यात तीन चुका काढल्या. घर एप्रिलच्या सुरुवातीला रिकामं करून द्यायचं. मुलाला कळवलं. तो म्हणाला, “अरे वा, एवढ्या लवकर?” मग कोणीतरी मागून काही बोललं, आणि तो म्हणाला, “म्हणजे छानच झालं, आई.”

निवासात खोली धरून ठेवायची तर याच आठवड्यात जाऊन सांगायला हवं. शुक्रवारी दोघी जाणार.

१४ मार्च

निवास पाहिला. निरीक्षणं :

इमारत एकमजली, जिना नाही. योग्य. खिडक्या मोठ्या, जाळ्या शाबूत. योग्य. न्हाणीघरात धरायला दांडे, जमीन खरखरीत. योग्य. स्वयंपाकघर मी आत जाऊन पाहिलं, ओटा कोरडा होता. योग्य. व्यवस्थापिका सभ्य, प्रश्नाला नेमकं उत्तर देते. एका खोलीत दोघी. वन्संची जोडीदारीण म्हणून एक बाई दाखवली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. व्यवस्थापिका म्हणाली, ऐकू येत नाही त्यांना, पण स्वभावाने फार चांगल्या आहेत.

दिवे साडेआठला बंद.

वन्सं रिकाम्या पलंगावर बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, बस यायची असावी तशा. “छान आहे हो,” म्हणाल्या. “हवेशीर आहे.” मी तासभर फिरले. दोष सापडेना. मी दोष काढायला गेले की तो सापडतो, असा माझा अनुभव आहे. व्यवस्थापिकेने कागद पुढे केला आणि पेन उघडून दिलं.

मी म्हटलं, “पाणी पाहायचं राहिलं.”

पिण्याच्या नळाचं पेलाभर पाणी मागवलं. काचेची नळी आणि क्लोरीनची बाटली माझ्या पर्समध्ये होती. फेकायच्या ढिगातून ती तिथे कशी आली ते सांगता येत नाही. थेंब टाकले. सगळ्या जणी नळीकडे बघत होत्या.

रंग आला नाही.

“पिण्यास अयोग्य,” मी म्हटलं.

व्यवस्थापिका गोंधळली. “अहो, पण आमच्याकडे दर महिन्याला तपासून जातात!”

“नळी तुमच्यासमोर आहे.”

वन्संनी उरलेला पेला उचलला आणि नाकाजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. पेला खाली ठेवला, जरा जास्तच जपून.

मी पेनाला टोपण लावून परत दिलं. अशा पाण्यावर मी कोणालाही सही करू देणार नाही असं सांगितलं आणि आम्ही निघालो.

बसमध्ये बराच वेळ वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “वहिनी, ती बाटली...”

“पाण्यातलं मला कळतं की तुम्हाला?”

“तुम्हालाच.”

“मग झालं.”

दोन थांबे गेल्यावर त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतात. पाहिलं तर हसत होत्या, रुमाल तोंडात कोंबून. पुढच्या बाकावरच्या माणसाने मागे वळून पाहिलं. मी तिकिटं तपासली.

१५ मार्च

सकाळी निवासाच्या व्यवस्थापिकेला फोन केला. औषध जुनं होतं, पाण्यात दोष नाही, मनस्तापाबद्दल माफी असावी असं सांगितलं. एखाद्या संस्थेवर चुकीचा शेरा राहू देणं बरोबर नव्हे. ती म्हणाली, “मग खोली धरून ठेवू का?”

“नको,” मी म्हटलं.

वन्संना हे सांगायची गरज वाटली नाही. त्या शेजारच्या खोलीत होत्या आणि रेडिओ बंद होता. पण दुसऱ्याचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायची त्यांना नोकरीची सवय आहे.

थोड्या वेळाने पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. मग कपाटाचा.

१६ मार्च

वन्संची सोय होत नाही तोवर मला येता येणार नाही असं मुलाला कळवलं.

“मग आत्याची सोय कधी होणार?”

“सांगता येत नाही.”

“बरं बरं. तू काही काळजी करू नकोस, आई. घाई नाही आमच्याकडे.” गेले काही आठवडे त्याचा आवाज बसल्यासारखा वाटत होता, सर्दी असेल असं धरून चालले होते. आज एकदम मोकळा वाटला.

दुपारी ब्रेड आणायला बेकरीत गेले. बेकरीवालीला विचारलं, तुम्ही आमच्या घरात आलात की या मागच्या दोन खोल्यांचं काय? म्हणाली, घरमालक भाडेकरू शोधतोय. मग हात पुसून मला आत घेऊन गेली आणि काउंटरवर ओरडली, “जरा बघ रे गल्ला, मी घर दाखवून येते!”

“दोष आधी सांगा,” मी म्हटलं.

ती हसली. “भट्टीमुळे गरम होतं. पहाटेपासून पावाचा वास. आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी सारखं नाचत असतं.”

जिना नाही. न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून. खोल्या दोन, मध्ये दार.

योग्य.

८ एप्रिल

आलो. सामान अर्धं लागलं, अर्धं खोक्यात. वन्संच्या बॅगेतलं सगळं बाहेर आलं आहे आणि दोन्ही खोल्यांत पसरलं आहे. चपलेचा एक जोड एका जागी नाही.

जुन्या घराच्या किल्ल्या सकाळी दिल्या. वन्संनी मोरीची काठी हातात नेऊन दिली आणि कशी फिरवायची ते दाखवलं. बेकरीवाल्याची आई आधीच खालच्या पलंगावर बसली होती. मी निघताना जिन्याकडे पाहिलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतं.

नव्या नळाचं पाणी दोघी प्यायलो. तपासलं नाही.

१० एप्रिल

वन्संचे डोळे सुजल्यासारखे. विचारलं तर म्हणाल्या झोप नाही. गरम होतं का? नाही. पावाचा वास? तो आवडतो. वरचे नाचतात? ते नवाच्या आत थकतात हो.

“मग?”

शेवटी म्हणाल्या, “इथे तुम्ही दाराला कडी लावून गेलात की नाही ते कळत नाही. मांजरासारख्या चालता.”

“कडी मी लावतेच.”

“लावता हो. कळत नाही एवढंच.”

फरशी सिमेंटची आहे. ती वाजत नाही, तिला वाजवता येणारही नाही.

दुपारी खोकी उघडून ह्यांच्या जुन्या लाकडी सपाता शोधून काढल्या. मापाने मला मोठ्या आहेत, चालताना टाचेखाली चांगल्या आपटतात. आजपासून रात्री दिवे मालवताना त्याच घालणार.

११ एप्रिल

वन्सं सकाळी उशिरापर्यंत झोपल्या होत्या. चहा मी केला.